बाईंची बदली

आमच्या शाळेत चौथीची हजेरी संपेपर्यंत शेजारच्या वर्गाचे पाढे म्हणून व्हायचे. बाकीचे शिक्षक नावं भराभर घ्यायचे, मुलं "हजर, हजर" करत जायची, आणि ज्या नावाला उत्तर यायचं नाही त्याच्यापुढे फुली पडायची. चौथीच्या बाईंचं तसं नव्हतं. नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, की त्या पेन खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "कुठे आहे?"

मग कोणाला तरी सांगावंच लागायचं. कोणी मामाच्या गावी गेलेला असायचा, कोणाच्या घरी बारसं असायचं. वर्गात कोणालाच माहीत नसलं, की बाई दाराकडे बघायच्या. दाराशी मी असायचे.

मी त्या शाळेत सेविका होते. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं. मुलं मला मावशी म्हणायची. बाईंनी दाराकडे बघितलं की मी झाडू भिंतीला टेकवायची आणि त्या मुलाच्या घरी जायची. परत येऊन दारातूनच एखादा शब्द सांगायची. ताप. गावी. झोपलाय. तेवढं मला जमायचं.

सगळी नावं झाली की रजिस्टर मिटायच्या आधी बाई विचारायच्या, "आणि मी?"

वर्ग ओरडायचा, "हजर."

"नीट बघा. नुसती साडी आली नाही ना?"

मुलं नीट बघायची आणि पुन्हा ओरडायची. मग बाई रजिस्टर मिटायच्या.

बाई सदाशिव पेठेतून लुनावर यायच्या. अंगानं बारीक, सुती साडीला कडक खळ, आणि डाव्या हातातल्या बांगडीत सेफ्टी पिनांचा झुपका. या पिना मुलांसाठी असायच्या. बटण तुटलं किंवा फ्रॉकचा पट्टा सुटला म्हणून मूल लाजतं आणि घरी राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "अर्ध्या गैरहजेऱ्या बटणांमुळे असतात," त्या म्हणायच्या, "आणि उरलेल्या मोठ्या माणसांमुळे."

आमची शाळा महापालिकेची, कर्वेनगरच्या कडेला. एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या. त्या वर्षांत सोसायट्या अशा उठत होत्या की दिवाळीच्या सुट्टीनंतर आलं तर ओळखीचा रस्ता सापडायचा नाही. विजेच्या खांबाखांबावर कॉम्प्युटर शिका म्हणून पाट्या लागल्या होत्या. सकाळी चौकात कंपन्यांच्या बसगाड्या थांबायच्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं पळत येऊन त्यांत चढायची. वस्तीतल्या बायका सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायच्या, पुरुष बांधकामावर जायचे, आणि मुलं आमच्याकडे यायची. म्हणजे, यायची तेव्हा यायची.

पहिल्यांदा बाईंनी मला पाठवलं तेव्हा मी अर्ध्या वाटेतून परत आले. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. दुकानात गेले तरी मी वस्तूकडे बोट दाखवते. बाईंना मी कसंबसं सांगितलं, की तिथे जाऊन काय बोलायचं ते मला सुचणार नाही.

"तुला बोलायला कोणी सांगितलंय?" बाई म्हणाल्या. "दारात जाऊन उभी राहा."

"आणि?"

"आणि उभीच राहा."

मी गेले. दारात त्या मुलाची आजी होती. ती म्हणाली, पोराला ताप आहे. मी उभी राहिले. मग ती म्हणाली, ताप तसा उतरलाय, पण शाळेची चड्डी वाळायची आहे. मी उभीच. मग ती म्हणाली, चड्डी वाळली असेल, पण आता उशीर झाला, बाई ओरडतील. माझ्याकडून काहीच उत्तर येईना तशी ती चिडली. म्हणाली, "ने गं बाई त्याला, पण दारातून हल. लोक बघायला लागलेत."

मी पोराला घेऊन आले तेव्हा बाईंना फार आनंद झाला. बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, त्या म्हणाल्या, उभ्या माणसाचं काय करणार? तेव्हापासून वस्तीत माझं नाव उभी मावशी पडलं. मी गल्लीत वळले की कोणीतरी आत ओरडायचं, "उठ रे, उभी मावशी आली." पुष्कळदा मी पोचायच्या आतच पोरगं दप्तर घेऊन निघालेलं असायचं. माझ्या न बोलण्याचा कोणाला उपयोग होईल, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत आलेल्या मुलाला बाई कधीच विचारायच्या नाहीत की का आला नाहीस. त्या विचारायच्या, "काय पाहिलंस?" कारण विचारलं की पोटात दुखतं, असं त्या म्हणायच्या. काय पाहिलं हे विचारलं की मूल खरं बोलतं. एकदा एक मुलगा शाळेला येता येता वाटेतच थांबला, कारण नव्या इमारतीपुढे टेम्पोतून कॉम्प्युटर उतरवत होते. दुपारपर्यंत तो तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गाला सगळं सांगितलं. खोके केवढे होते, आणि ते फोडले तर आत किती थर्माकोल निघाला. कॉम्प्युटर मात्र त्याला दिसलाच नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे आधी थर्माकोल आलाय. कॉम्प्युटर मागून येईल." वर्ग हसला. पण त्या मुलाची आदल्या दिवशीची फुली बाईंनी खोडली नाही. ऐकून घेणं वेगळं आणि फुली वेगळी, याबाबतीत त्या पक्क्या होत्या.

हेडमास्तरांशी त्यांचं जमायचं नाही. वर पाठवायच्या कागदावर गैरहजेरीचं कारण लिहायचं असायचं, आणि त्यासाठी आजारी, परगावी आणि इतर असे तीनच रकाने होते. बाई तिथे लिहायच्या, धाकट्याला झोका देत होती. किंवा, वडिलांनी चप्पल घालून नेली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे सगळं 'इतर'मध्ये टाका." बाई म्हणाल्या, "सर, 'इतर'मध्ये एवढी माणसं मावत नाहीत."

त्यांना स्वतःला रजा हवी असली की हेडमास्तरांना त्या नंतर सांगायच्या. आधी वर्गाची परवानगी घ्यायच्या. हात बांधून फळ्यापुढे उभ्या राहायच्या, अमुक दिवशी मला यायला जमणार नाही म्हणायच्या, आणि मुलं कारण विचारायची. कारण पटलं तर रजा मिळायची. भाचीच्या लग्नाला दिली होती. दाताच्या डॉक्टरांसाठी दिली नव्हती. दुपारी जा, मुलं म्हणाली, शाळा सुटल्यावर. बाई दुपारी गेल्या.

त्या वर्षी वर्गात मंदा होती. चुणचुणीत पोर. आपलं नाव आलं की बाकावरून अर्धी उठून "हजर" म्हणायची. एके सकाळी तिच्या नावाला उत्तर आलं नाही. कुठे आहे ते वर्गात कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी दाराकडे बघितलं.

मंदाची आई सोसायटीच्या जिन्यात पाय घसरून पडली होती. मनगट मोडलेलं, हात प्लॅस्टरमध्ये. माझ्यापुढे तिनं तो हात धरला आणि म्हणाली, "हे बघ. आता उभी राहा न्हायतर बस. पोरगी गेली न्हाई तर काम जातंय."

धुण्याभांड्याच्या कामात खाडे फार झाले की लोक दुसरी बाई बघतात. म्हणून आई आजारी पडली की तिच्या जागी बहीण जाते, जाऊ जाते, कोणीच नसलं तर मुलगी जाते. त्याला बदली म्हणतात. आई बरी झाली की बदली संपली. मंदा सकाळी आईच्या बदलीवर दोन घरं करत होती, आणि शाळाही सकाळचीच. त्या दिवशी माझ्या उभं राहण्याचा काही उपयोग झाला नाही.

मी वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, "बदलीवर गेलीय."

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, आईचा हात बरा होईपर्यंतच ना? येईल मग.

मी एरवी तेवढ्यावर गप्प बसले असते. पण ते माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "मीपण चौथीतच बदलीवर गेले होते, बाई. आई लवकर बरी झाली. मी परत आलेच नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला, परत वर नेला. मग आत जाऊन फळ्यापुढे हात बांधून उभ्या राहिल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "मला उद्या यायला उशीर होईल. रजा हवी."

"का, बाई?"

"बदलीवर जायचंय."

मुलांना कारण पटलं. त्यांच्या घरोघरी कोणी ना कोणी बदलीवर जात होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुनाच्या मागे मला बसवून बाई त्या सोसायटीत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मंदा स्टुलावर उभी राहून ओट्याशी कढई घासत होती. घरातल्या ताई आतल्या खोलीत आवरत होत्या. दार उघडंच होतं. बाई सरळ आत गेल्या, मंदाच्या हातातली घासणी घेतली आणि म्हणाल्या, "पळ. शाळा भरली असेल." मंदा हात फ्रॉकला पुसत जिना उतरली. बाईंनी पदर खोचला आणि घासायला सुरुवात केली. मी दारात उभी होते.

ताई बाहेर आल्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एका हातात कंगवा. ओट्याशी अनोळखी बाई बघून त्या जागीच थांबल्या.

"अहो, तुम्ही कोण?"

"बदली."

"मंदाची?"

"मंदा स्वतःच बदली होती. मी बदलीची बदली."

"तुम्ही शिकलेल्या दिसता."

"दिसण्यावर जाऊ नका. भांडी बघा."

ताईंनी भांडी बघितली. कढईला साबण तसाच होता आणि कुकरच्या झाकणाला कालचा भात. तेवढ्यात बाईंच्या हातून काचेचा एक पेला निसटून फुटला. बाई म्हणाल्या, "हा माझ्याकडून." मग हात धुऊन त्यांनी सांगितलं, की मी मंदाची शिक्षिका. ताई खुर्चीवर बसल्याच. त्या वाईट नव्हत्या. मला वाटलं होतं वरचा आवाज लावतील, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, मलाही ते पोर बघून बरं वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आठच्या आत भांडी झाली नाहीत तर माझी बस चुकते. बस चुकली की माझा खाडा. तिथे माझं कोण ऐकून घेतं?"

बाईंनी नळ बंद केला. "खरं सांगितलंत. मला वाटलं होतं, तुमच्याही पोटात दुखेल."

मग त्यांनी विचारलं, की भांडी दुपारी घासली तर पळून जातील का. ताई म्हणाल्या, दुपारी घरात कोणी नसतं, किल्ली कोणाच्या हातात द्यायची? बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मला हे आधी माहीत नव्हतं.

"ह्या विश्वासाच्या आहेत?"

"तिला विचारा."

ताईंनी मला विचारलं. मी खाली बघितलं.

"ह्या बोलत का नाहीत?"

"तेच तर सांगतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरातलं एक अक्षर वस्तीत जाणार नाही. या सगळ्या सोसायटीत अशी दुसरी बाई दाखवा."

ताईंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि बससाठी पळाल्या. दुसरं घर त्याच इमारतीत होतं, तिथेही तसंच ठरलं. मंदाच्या आईचं प्लॅस्टर निघेपर्यंत मी शाळा सुटल्यावर दोन्हीकडे जात होते. पगार तिच्या आईचाच राहिला.

मंदा वर्गात परत बसली तेव्हा बाईंनी विचारलं, "काय पाहिलंस?"

मंदा म्हणाली, "त्यांच्या नळाला गरम पाणी येतं, बाई. आणि तुम्हाला भांडी घासता येत नाहीत."

"पहिलं सगळ्यांना सांग," बाई म्हणाल्या. "दुसरं वर्गातच राहू दे."

ते राहिलं नाही. हेडमास्तरांपर्यंत गेलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंना बदलीचा हुकूम आला. धायरीच्या बाजूच्या शाळेत. हेडमास्तरांनी नारळ आणि शाल आणून ठेवली होती, पण बाई त्याआधीच लुना चालू करून निघाल्या. त्यांना निरोप घेता यायचा नाही. मुलांनाही त्यांनी सांगितलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "उभी राहत जा."

सुट्टीनंतर नव्या बाई आल्या. तरुण होत्या, शिकवायच्या चांगलं. त्यांची हजेरी झटपट झाली आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. पण मुलं पुस्तकं काढेनात. ती कशाची तरी वाट बघत होती. मंदा उभी राहिली आणि तिनं विचारलं, की आमच्या बाई कुठे आहेत.

"त्यांची बदली झाली," नव्या बाई म्हणाल्या.

सगळा वर्ग एकदम सैल झाला. मला दारातून ते दिसलं. बदली म्हणजे काही दिवसांचं काम, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी आजारी असेल, तिच्या जागी बाई गेल्या असतील, ती बरी झाली की बाई परत. मंदानं विचारलं, "किती दिवसांची?" नव्या बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं.

मग मुलं रोज मला विचारायला लागली, की ती आजारी बाई बरी झाली का. मी पाणी भरत राहायची. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं सांगून टाकलं, की शिक्षकांची बदली वेगळी असते, त्यातून कोणी परत येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मंदा यायची बंद झाली.

नव्या बाईंनी फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. त्यांनी दाराकडे बघितलं नाही. त्यांना ती रीत माहीतच नव्हती. रोज एक फुली पडत होती, आणि फार फुल्या झाल्या की पटावरून नाव कमी करतात हे मला माहीत होतं. मला कोणी पाठवलं नाही. एके दिवशी शाळा सुटल्यावर माझी मीच गेले.

मंदाच्या आईचा हात बरा झाला होता. लेकीची मदत होते म्हणून तिनं आणखी एक घर धरलं होतं. मंदा दाराच्या आत बसून मेथी निवडत होती. मी दारात उभी राहिले.

"बाई व्हत्या तवा ठीक व्हतं," आई म्हणाली. "आता कुणाला पडलंय?"

मी उभी राहिले. तिनं अजून पुष्कळ सांगितलं. पोरगी स्वतःच जायला तयार नाही, असंही सांगितलं, आणि ते खरं असावं. मग तिनं चहा केला. मी उभ्यानंच प्यायले. मेथी संपत आली.

मंदानं मान वर न करता विचारलं, "नव्या बाईंनी पाठवलं?"

मी मान हलवली. नाही.

"हेडमास्तरांनी?"

नाही.

"मग तुम्ही कोण म्हणून आलात?"

याला मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "मी बाईंची बदली."

मंदाच्या आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. मंदानं जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, बाईंना बघायची तसं.

"किती दिवसांची?"

"बाई येईपर्यंत."

तिला ठाऊक होतं आणि मलाही. ती मेथीच्या काड्या गोळा करून उठली. आईला म्हणाली, "माझा फ्रॉक कुठाय?"

सकाळी ती आली. नव्या बाईंनी तिचं नाव घेतलं, ती बाकावरून अर्धी उठली. सगळी नावं झाली. नव्या बाई रजिस्टर मिटणार, तेवढ्यात मंदानं मागे वळून दाराकडे बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "आणि मावशी?"

वर्ग ओरडला, "हजर."

नव्या बाई दचकल्या. माझ्या हातात बादली होती. मला पळून जावंसं वाटलं, पण मी उभी राहिले. पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं. मुलं विसरली तर त्या स्वतःच विचारायच्या. कोणी आलं नाही की दाराकडेही बघायच्या.

एका रविवारी मी बसनं धायरीला गेले आणि बाईंना हे सगळं सांगितलं. सांगायला मला फार वेळ लागला. बाईंनी सबंध ऐकून घेतलं.

"म्हणजे मी परत आले नाही तर तुझी बदली संपायचीच नाही," त्या म्हणाल्या. "हे तू तिला कबूल करून आलीस?"

मी मान हलवली. हो.

"तरी तुला मी सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून." मग त्यांनी बांगडीतल्या अर्ध्या पिना काढून माझ्या बांगडीत अडकवल्या.

बाई परत आल्या नाहीत. धायरीहूनच निवृत्त झाल्या. मी त्या शाळेत केस पांढरे होईपर्यंत होते, आणि पुष्कळ दारांत उभी राहिले. मंदा दहावी झाली, पुढेही शिकली. आता एका मोठ्या दवाखान्यात खिडकीशी बसून केसपेपर काढते. मध्ये गुडघ्यासाठी मी तिथे गेले होते. रांगेत माझा नंबर आला, आणि नाव कसं सांगायचं म्हणून मी नुसतीच खिडकीपुढे उभी राहिले. तिनं मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"मावशी," ती म्हणाली, "बाई आल्या का?"

मी मान हलवली. नाही.

"मग तुम्हाला सुट्टी नाही," ती म्हणाली, आणि न विचारता माझं नाव लिहून घेतलं.